कागदावर चार महिन्यांनी मोठा

मी शाळेत लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात माझी नोकरी जायची वेळ आली होती. राजारामपुरीच्या मागं, ओढ्यापलीकडच्या वस्तीत म्युनिसिपालिटीची आमची शाळा. चार खोल्या, वर पत्रा, दारात शेवग्याचं झाड. पहिलीचा पट भरला नाही तर एक शिक्षक जास्तीचा ठरणार होता. मी अजून कायम झालेली नव्हते, त्यामुळं मला बदली नाही, थेट नारळच मिळाला असता.

मे महिन्याच्या उन्हात मी आणि हेडमास्तर घरोघर फिरत होतो. हेडमास्तर निवृत्तीला आलेले, डोक्यावर पांढरी टोपी, खिशात दोन पेनं. प्रत्येक दारात उभं राहून ते एकच प्रश्न विचारायचे, "पोरगं हाय का घालण्याजोगं?" शेवटी पट एका पोरावर अडला. ते एक मिळालं की मी वाचणार होते.

ते पोरगं ओढ्याकाठच्या शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलं होतं. पुढ्यात एक मोडकी बॅटरी. तिची झाकणं, स्प्रिंग, बल्ब, सगळं काढून त्यानं फरशीवर ओळीनं मांडून ठेवलं होतं. आई आत कपडे पिळत होती. आजऱ्याकडची बाई, वय माझ्याएवढंच असेल. नवरा इचलकरंजीला मागावर कामाला, आठवड्याच्या सुट्टीला कधी यायचा, कधी नाही. ती स्वतः राजारामपुरीतल्या दोन दवाखान्यांत झाडलोट करायची.

"किती वर्षांचा?" हेडमास्तरांनी विचारलं.

"पाचवं चाललंय की. घटात झालाय. दुसरी माळ हुती त्या दिवशी."

"तारीख?"

"तारीख कुठली ठावं असणार मास्तर? घट बसल्यालं, एवढं ठावं हाय."

पहिलीला पाच पूर्ण लागायची. घटात जन्मलेल्या पोराला पाच पूर्ण व्हायला अजून चार महिने होते. हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लिहा बाई. एक जून."

यात नवल काहीच नव्हतं. आमच्या रजिस्टरात अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला होता. ज्या घरात जन्माचा दाखला नाही तिथं मास्तर एक जून टाकत आले होते. मी स्वतःही एक जूनचीच. आमच्या वडिलांना माझी तिथी पाठ होती, तारीख नव्हती.

मी फॉर्म भरला. जन्मतारखेच्या रकान्यात निळ्या शाईनं एक जून लिहिलं, आणि साल असं टाकलं की पोराची पाच वर्षं बरोबर पूर्ण व्हावीत. खाली तिचा अंगठा घेतला. अंगठा उठवता उठवता तिनं विचारलं, "तारीख न्हाय ठावं, तर मग काय लिवलंसा?"

"आहे ते एक अंदाजानं. कागदावर चार महिने मोठा झाला, एवढंच."

"त्यात काय चुकीचं न्हाई न्हवं?"

"चार महिन्यांनी काय होतंय हो?" मी हसून म्हणाले. "उलट लवकर शिकून मोकळा होईल."

तिला ते पटलं. बाई सांगतात म्हणजे खरंच असणार, असा त्या वस्तीत समज होता. माझी नोकरी टिकली. पुढच्या वर्षी मी कायमही झाले.

त्या पोरानं माझ्या हाताखाली चार वर्षं काढली. पहिल्या वर्षी त्याला लिहायला जमायचं नाही. ग उलटा काढायचा, आकडे आरशात बघितल्यासारखे लिहायचा, आणि दुपारी बसल्या जागी झोपायचा. मी त्याच्या बोटांवर पट्टी मारलेली आहे. तो वर्गात सगळ्यात लहान होता हे मला ठाऊक होतं, कारण मीच त्याला वेळेआधी आणून बसवलं होतं. पण शिकवताना ते ध्यानात राहायचं नाही. समोर चाळीस पोरं असली की सगळी एकाच वयाची दिसतात.

तिसरीत मात्र तो सावरला. अभ्यासात बेताचाच, पण हातात काहीतरी वेगळं होतं. शाळेची घंटा लोखंडी पट्टीची होती, तिचा हुक तुटला तर त्यानं सायकलच्या स्पोकचा नवा करून आणला. माझ्या टेबलाचा पाय हलायचा, त्याचे स्क्रू पोरानं एका दुपारी चारआण्याच्या नाण्यानं आवळून टाकले. चौथीनंतर तो दुसऱ्या शाळेत गेला. आठवीत शाळा सुटली, असं त्याच्या आईनंच एकदा बाजारात सांगितलं. बाप तोवर घरी यायचा बंद झाला होता. पोरगं एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागलं होतं. "जळालेली मोटार आठ दिवसांत नवी करतंय बघा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कौतुक होतं. शाळा सुटल्याचं दुःख तिच्यापेक्षा मलाच जास्त झालं असावं, पण मी तरी काय केलं? बरं बरं म्हटलं आणि भाजी घेऊन घरी आले.

त्यानंतर दोन वर्षांनी, श्रावणात, ती शाळेत आली. मधली सुट्टी होती. पावसामुळं पोरं वर्गातच डबे खात बसली होती. ती दारात उभी राहिली, पदर भिजलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद.

"बाई, पोराला धरलंय."

मी तिला हेडमास्तरांच्या खोलीत नेऊन बसवलं. जुने हेडमास्तर निवृत्त होऊन गेले होते, नवे त्या दिवशी मीटिंगला होते. तिनं सांगितलं ते असं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी भरदुपारी मालकाचं गोडाऊन फोडलं होतं. तांब्याची तार नेली. पोराबरोबर दोघंजण होते, दोघंही मोठे, लग्न झालेले. गोडाऊनवर एक म्हातारा राखणदार होता. झटापटीत तो पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. दोघं पळाले. पोरगं तिथंच सापडलं.

"त्यानं ढकललं म्हाताऱ्याला?"

"त्यो म्हंतोय म्या न्हाय. पर बाई, चोरी केली हे खरं हाय. मी खोटं कशाला बोलू? किल्ली त्यानंच दिलीया."

तिचं हे बोलणं मला आजही आठवतं. पोराच्या गुन्ह्यातला एक शब्दही तिनं लपवला नाही.

मग तिनं कागद पुढं केले. तेव्हाच्या कायद्यात मुलग्यांसाठी सोळा वर्षांची रेषा होती. सोळाच्या आत असेल तर बालन्यायालय आणि रिमांड होम, वर असेल तर मोठ्या माणसांचं कोर्ट आणि मोठ्या माणसांचा तुरुंग. पोलिसांनी शाळेचा दाखला काढला होता. दाखल्याप्रमाणं त्याला सोळा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.

"अजून घट बसायचे हायत बाई," ती म्हणाली. "घटात सोळा भरणार त्येला. साहेबास्नी मी सांगितलं, तर म्हंत्यात कागद दाखीव. सरकारनं वकील दिलाय, त्यो म्हणाला शाळेतनं लिवून आण. तारीख अंदाजानं टाकलीया, एवढं लिवून पायजे. तुम्हीच लिवलंसा की त्या वक्ताला."

"बघते," मी म्हणाले. "हेडमास्तर येऊ देत."

ती जाताना पाया पडायला वाकली. मी मागं सरकले.

दुसऱ्या दिवशी नव्या हेडमास्तरांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. ते वाईट माणूस नव्हते. पोरांना वह्या स्वतःच्या खिशातनं आणायचे. त्यांनी पान उघडलं आणि बोटानं ओळ दाखवली. माझंच अक्षर, तीच निळी शाई, थोडी फिकी झालेली.

"बाई, तुम्ही काय लिहून देणार? नोंद खोटी आहे म्हणून?"

"अंदाजानं केली होती, एवढंच."

"हे कुणाला पटवणार? या एका पानावर बघा किती एक जून आहेत." त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडली. "एकाची नोंद अंदाजानं, तर बाकीच्यांची? उद्या चौकशी लागली तर जुने हेडमास्तर पेन्शनवर आहेत, त्यांच्यापर्यंत जाईल. तुमचं तर आता पुढच्या जागेसाठी नाव गेलंय. कशाला ओढवून घेता?"

घरी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "चोरी केली आहे ना त्यानं? मग भोगू दे." जेवताना तेवढंच बोलणं झालं. मला कुणीतरी नको करूस म्हणावं असं वाटत होतं, आणि ते दोघांनी म्हटलं. मी लिहून दिलं नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. त्या वकिलानं पोराचं वय ठरवावं म्हणून अर्ज केला होता. डॉक्टरांनी हाडांचे फोटो काढून वय पंधरा ते सतराच्या दरम्यान, असं लिहून दिलं. त्यातनं काहीच ठरत नव्हतं. मग कोर्टानं शाळेचं रजिस्टर मागवलं आणि नोंद करणाऱ्या शिक्षिकेला समन्स काढलं. माझ्या नावानं आलेलं ते आयुष्यातलं पहिलं समन्स.

मी कोर्टात गेले ती रजिस्टर कापडात बांधून, छातीशी धरून. व्हरांड्यात गर्दी होती. पोरगं दोन पोलिसांच्या मधे बसलं होतं. ओठावर मिशीची कोवळी लव, अंगात मापाला मोठा शर्ट. मला बघून ते उठून उभं राहिलं. पोलिसाला वाटलं पळतंय, त्यानं दंडाला धरून खाली बसवलं.

"बाई आल्यात," पोरगं त्याला सांगत होतं. "आमच्या बाई हायत त्या."

वकील तरुण होता, काळा कोट खांद्यावर सैल. त्यानं मला रजिस्टर दाखवलं आणि विचारलं, "ही नोंद कुणाच्या हातची?"

"माझ्या."

"जन्मतारीख कशाच्या आधारे लिहिली?"

मला उत्तर माहीत होतं. आदल्या रात्रभर मी ते मनात म्हणून बघितलं होतं. दाखला नव्हता, आईला तारीख माहीत नव्हती, घटातला जन्म आहे असं तिनं सांगितलं होतं, तरी आम्ही एक जून टाकली. चार वाक्यं होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पालकांनी सांगितल्यावरून."

"एक जून ही तारीख आईनं सांगितली?"

"हो. फॉर्मवर त्यांचा अंगठा आहे."

"तुमच्या रजिस्टरात एक जून ही तारीख किती मुलांची आहे?"

"बघावं लागेल."

मग वकिलानं पोराच्या आईला पुढं बोलावलं. फॉर्म दाखवला. "हा अंगठा तुमचा?"

"व्हय, माझाच हाय, पर मी तारीख न्हवती सांगितली. मी घटात म्हणून सांगितल्यालं. बाईंस्नी इचारा की. बाई, सांगा की वं."

न्यायाधीशांनी तिला गप्प राहायला सांगितलं. मी समोरच्या लाकडी कठड्याकडं बघत होते. पोराकडं एकदाच नजर गेली. ते माझ्याकडं बघत नव्हतं. आईकडं बघत होतं, कपाळाला आठ्या घालून.

अर्ज फेटाळला गेला. मी रजिस्टर परत कापडात बांधलं आणि रिक्षा करून शाळेत आले. तिसरा तास चालू होता.

जामिनाला उभं राहणारं कुणी नव्हतं. पोरगं अकरा महिने मोठ्या तुरुंगात राहिलं, मग शिक्षा झाली ती भोगलेल्या दिवसांत वळती होऊन सुटलं. हे मला वस्तीतल्या बायकांकडनं कळत गेलं. त्याची आई मला परत भेटायला आली नाही. रस्त्यात दिसली तर मीच दुसऱ्या गल्लीनं जायची. वर्षभरात ती वस्ती सोडून गेली.

त्याच सुमारास चौथीच्या परीक्षेचं काम म्हणून मला दुसऱ्या गावच्या एका रिमांड होमला जावं लागलं. दोन दिवस मी तिथं होते. ते काही फार बरं ठिकाण नव्हतं. भिंत उंच, पोरांचे केस बारीक कापलेले, दोघा-तिघांच्या बोटांच्या बेचक्यात खरूज. जेवणाच्या रांगेत ताटं वाजवली म्हणून एकाच्या कानाखाली बसलेली मी बघितली. पण पोरांत पोरं होती. दुपारी मैदानात फुटबॉल होता, त्यातली हवा गेलेली, तरी ओरडाआरडा करत खेळत होती. एक परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, बाई होत्या. कुठल्या पोराच्या घरी जाऊन आल्या, कुणाचा मामा सांभाळायला तयार आहे, कुणाला गवंडीकाम शिकायचंय, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. त्यांनी मला ती वही कौतुकानं दाखवली. मी ती एकेक पान करत शेवटपर्यंत उलटली.

दोन-तीन वर्षांत कायदा बदलला. मुलग्यांसाठीही अठराची रेषा झाली. मी वर्तमानपत्रात ती बातमी वाचली आणि पेपर घडी घालून ठेवला. अठरा असती तर माझ्या साक्षीची गरजच पडली नसती, असं काहीतरी मनात आलं. स्वतःला सोडवायला माणूस कुठकुठली वाट शोधतो.

मी मुख्याध्यापिका झाले. माझ्या शाळेत मी जन्माच्या दाखल्याशिवाय प्रवेश द्यायचं बंद केलं, आणि दाखला नसेल तर पालकांना घेऊन स्वतः ऑफिसात जाऊ लागले. लोक म्हणायचे, बाई फार काटेकोर.

पोराच्या आईला भेटायला जायला मला आठ वर्षं लागली. आजऱ्याला भावाकडं असते, काजूच्या कारखान्यात जाते, एवढं कळलं होतं. एका रविवारी एसटीनं गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. ती पडवीत बसून तांदूळ निवडत होती. तिनं मला ओळखलं. उठली नाही, पण "या," म्हणाली आणि पोतं सरकवून जागा केली.

तिची बोटं काळी पडली होती. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. नखांच्या कडेला सालं सुटली होती. मी त्या बोटांकडं बघतच बोलायला सुरुवात केली. कोर्टात मी खोटं बोलले, तुम्ही तारीख सांगितली नव्हती, मला भीती वाटली. जे बोलायचं ते सगळं पहिल्या दोन मिनिटांत संपलं.

ती तांदळातले खडे वेचत राहिली.

"मला काय सांगायला आलाय?" ती म्हणाली. "मला ठावंच हाय की. मी हुतो न्हवं तिथं."

"माफी मागायला आलेय."

"माफीचं ऱ्हाऊ द्या." तिनं सूप खाली ठेवलं. "त्येला सांगितलंसा व्हय?"

"कुणाला?"

"माझ्या पोराला. त्यो येत न्हाय माझ्याकडं. सुटून आला त्या दिवशी मी दारात उभी हुतो, तर माझ्याकडं बघितलं न्हाय त्यानं. म्हणाला, तू तारीख खोटी सांगितलीस म्हणून माझं हे झालं. मी म्हटलं, लेकरा, मी न्हाय सांगितली. म्हणाला, मग काय बाई खोटं बोलत्यात? आमच्या बाई कोर्टात उभं ऱ्हाऊन खोटं बोलतील व्हय?"

पडवीत कोंबड्या फिरत होत्या. एक माझ्या चपलेवर चढली. मला ती हाकलायचंही सुचलं नाही. आठ वर्षं मी जे ओझं वागवत होते ते माझ्या मते तुरुंगाचं होतं. मायलेकं अशी तुटली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या पोराला आई आणि बाई यांतली एक खोटी ठरवायची होती, आणि त्यानं मला खरी मानलं होतं.

"कुठं असतो तो?"

"इचलकरंजीला. बापाच्या वाटंनं गेला. जावा आणि त्येला सांगा. माझं ऐकत न्हाय, तुमचं ऐकंल."

तिनं पत्ता सांगितला, मी लिहून घेतला. चहा दिला नाही. मी उठताना एवढंच म्हणाली, "गाडी साडेतीनला हाय."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी इचलकरंजीला गेले. मागांच्या शेडच्या गल्लीत आवाज इतका की माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती. निरोप पाठवला तसा तो बाहेर आला. दांडगा झाला होता, केसांत कापसाची धूळ. मला बघून त्याचा चेहरा उजळला, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

"बाई, तुम्ही? इकडं कुठं?"

गल्लीच्या तोंडाशी चहाचा गाडा होता, तिथं बसलो. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. कप तो डाव्या हातानं धरत होता. मी विचारलं तर म्हणाला, "भांडणात लागलं. वाइंडिंगचं काम आता जमत न्हाय. बारीक तार धरायला बोटं पायजेत. इथं मागावर सुताचा बीम चढवायला ताकद लागती, ती हाय."

मग तो आपणहूनच बोलत गेला. तुरुंगात पहिला महिना संडासाच्या कडेला बसून झोपायचा. एका मोठ्या माणसाचे कपडे धुवायचे, पाय चेपायचे, मग कुणी मारत नसे. "सुटलो तर त्येचीच माणसं गाडी घेऊन आलती. मी बसलो. चार वर्षं त्यांच्यातच गेली. एकदा परत आत जाऊन आलो." त्यानं चहाचा घोट घेतला. "आई बी आलती त्या दिवशी. पर मी तिच्यासंगं न्हाय गेलो."

"तिनं तारीख सांगितली नव्हती," मी म्हणाले.

मागांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं. चहावाला आमच्याकडं बघायला लागला. "तारीख मी टाकली होती. आईनं घटात म्हणूनच सांगितलं होतं. कोर्टात मी खोटं बोलले. नोकरीच्या भीतीनं."

त्यानं कप खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बराच वेळ आपल्या न वळणाऱ्या बोटांना दुसऱ्या हातानं मुडपत बसला.

"म्हंजे आई खरं सांगत हुती," तो म्हणाला.

"हो."

"आठ वर्षं झाली बाई." मग जरा वेळानं, "मी तिला एकदा हाकलली इथनं. भाकरी बांधून आणलत्या तिनं. ह्याच गल्लीतनं परत लावली."

आत भोंगा झाला. तो उठला, चड्डीवरची धूळ झटकली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "जातो. पाळी हाय," आणि शेडमधे गेला. मी गाड्यावर बसून राहिले. चहावाल्यानं विचारलं, "मावशी, आणि एक देऊ का?" मी हो म्हटलं आणि तोही चहा तसाच ठेवून उठले.

नंतर काय झालं ते मला त्यांच्या एका नातेवाइकाकडनं तुटक तुटक कळलं. तो आजऱ्याला गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा दोघंही फारसं बोलले नाहीत. ती भाकरी करत होती, तो खाऊन पडवीतच झोपला आणि दुसऱ्या दिवशी निघाला. मग दर महिन्याला जायला लागला. पुढं तिला इचलकरंजीला घेऊन आला.

मी कुठंही लेखी काही दिलं नाही. एका वकिलाला विचारलं होतं, तो म्हणाला, आता निकाल लागून, शिक्षा भोगून झालीय, तुम्ही फक्त स्वतःला अडकवून घ्याल. मी ते ऐकलं. पुढं निवृत्त झाले तेव्हा माझ्या सेवापुस्तिकेत एकही वाईट शेरा नव्हता. निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी माझ्या सचोटीबद्दल बोलून घेतलं. मी हार गळ्यात घालून खुर्चीत बसले होते.

त्या दोघांना मी त्यानंतर एकदाच बघितलं. राजारामपुरीत डोळ्यांच्या दवाखान्यासमोर. ती पायरीवर बसली होती, डोळ्यावर हिरवी पट्टी. मी जवळ गेले, आवाजावरनं तिनं ओळखलं. "मोतीबिंदू काढला," म्हणाली. "दुसरा डोळा थंडीत काढू या म्हंत्यात." पोरगं रस्त्याच्या पलीकडं मोटारसायकलजवळ उभं होतं. त्यानं मला बघितलं होतं. मी हात वर केला. तो आला नाही.

"त्येला बोलवू नका," ती हळूच म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

मी तिला हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायला निघाले, तेवढ्यात तो स्वतःच आला. माझ्या हातातनं तिचा हात काढून घेतला, गाडीवर नीट बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून खोचून दिला. दोघं गर्दीतनं निघून गेले. मी दवाखान्याच्या पायरीशी उभी होते. माझ्या मागं कुणीतरी केसपेपरसाठी नंबर विचारत होतं.